पीसीओएस, लांबलेली गर्भधारणा आणि अँटिऑक्सिडंट गोळ्या: एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे. वय ३२ वर्षे, पाळी ४५ ते ६० दिवसांनी येते, पीसीओएसचे (संप्रेरकांचा समतोल बिघडून स्त्रीबीज वेळेवर बाहेर न पडण्याचा विकार) निदान झालेले आहे आणि तीन वर्षांपासून मूल व्हावे म्हणून प्रयत्न चालू आहेत. गेल्या आठ महिन्यांपासून कोएन्झाइम क्यू-१०, एन-असिटिल सिस्टीन, इनोसिटॉल आणि जीवनसत्त्वे व खनिजे असलेली एक मिश्र गोळी अशी चार पूरके रोज घेतली जात आहेत. त्यांनी स्त्रीबीजाची प्रत सुधारून गर्भ राहील का, मात्रा वाढवावी का आणि ती किती काळ घ्यावीत, असे विचारले आहे. पतीची तपासणी झालेली नाही आणि स्त्रीबीज बाहेर पडावे यासाठीचे कोणतेही औषध सुरू झालेले नाही, हे प्रश्नाच्या शेवटी जाता जाता लिहिले आहे. माझ्या मते संपूर्ण प्रश्नातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच आहे.

गोळ्यांविषयीचे माझे मत आधीच सांगते, म्हणजे पुढचे वाचताना मनात धाकधूक राहणार नाही. या पूरकांनी तुमचे काही बिघडले असेल असे वाटत नाही. एखाद्या पूरकाचा थोडा उपयोग होत असण्याची शक्यताही मी नाकारत नाही. पण त्यांच्या बाजूचा पुरावा कच्चा आहे, मात्रा वाढवून काही मिळेल असे मानायला आधार नाही आणि ज्या उपचाराचा पुरावा पक्का आहे तो या आठ महिन्यांत सुरूच झाला नाही. नुकसान झाले असेल तर ते वेळेचे झाले आहे.

आता कारणे. शरीरातील बहुतेक सर्व पेशी प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करतात आणि त्या क्रियेत अतिशय क्रियाशील असे कण, ज्यांना मुक्त कण किंवा फ्री रॅडिकल्स म्हणतात, ते निर्माण होतात. पेशीकडे त्यांना आवरणारी स्वतःची यंत्रणा असते, त्यात ग्लुटाथायोन हा रेणू आणि सुपरऑक्साइड डिस्म्युटेजसारखी विकरे (एन्झाइम) येतात. निर्मिती वाढली आणि आवर अपुरा पडला की ऑक्सिडेटिव्ह ताण निर्माण होतो. पीसीओएस असलेल्या स्त्रियांत हा ताण सरासरीने जास्त असतो, याविषयी आता फारशी शंका उरलेली नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २०१३ मध्ये झालेल्या विश्लेषणात त्यांच्या रक्तात मेदाच्या ऑक्सिडीकरणातून उरणारे मॅलॉन्डायअल्डिहाइड जास्त आणि ग्लुटाथायोन कमी आढळले, आणि वजन व वय सारखे असलेल्या स्त्रियांशी तुलना केली तरी काही फरक शिल्लक राहिले. इन्सुलिनला पेशींनी नीट प्रतिसाद न देणे, रक्तात इन्सुलिन वाढणे, त्यामुळे अंडाशयातून अँड्रोजन ही पुरुषी संप्रेरके अधिक स्रवणे आणि त्या सगळ्याच्या जोडीला सौम्य पण सततची दाहस्थिती असणे, असे हे एकमेकांना पोसणारे चक्र आहे, आणि ऑक्सिडेटिव्ह ताण त्या चक्रात कारण म्हणूनही येतो व परिणाम म्हणूनही येतो.

ताण जास्त आहे म्हणून तो कमी करणारी, म्हणजे अँटिऑक्सिडंट, गोळी द्यावी, हा तर्क सरळ वाटतो. पण अंडाशयाच्या बाबतीत त्याला एक अडचण आहे आणि तिची चर्चा फार कमी होते. स्त्रीबीज फॉलिकलमधून, म्हणजे अंडाशयातल्या ज्या छोट्या पिशवीत ते वाढते तिच्यातून, बाहेर पडण्यासाठी हेच क्रियाशील कण लागतात. एलएच या संप्रेरकाची लाट आल्यावर फॉलिकलमध्ये नियंत्रित स्वरूपात, दाहासारखी प्रक्रिया होते, तिच्याशिवाय फॉलिकलची भिंत फुटत नाही. उंदरांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अंडाशयाभोवती तीव्र अँटिऑक्सिडंट द्रव्य सोडल्यावर स्त्रीबीज बाहेर पडण्याचे प्रमाण घटले होते. प्रयोगातील मात्रा थेट अंडाशयाभोवती दिलेली होती, त्यामुळे तोंडाने घेतलेल्या गोळीने तुमच्यात तसेच होईल असा त्याचा अर्थ होत नाही. मात्र मुक्त कण म्हणजे केवळ शत्रू आणि ते जितके कमी तितके बरे, ही समजूत चुकीची आहे. मात्रा वाढवावी का, या तुमच्या प्रश्नाला माझा नकार आहे त्यामागचे पहिले कारण हे आहे.

पुराव्याकडे वळते. कॉक्रेन या संस्थेने वंध्यत्वाच्या तक्रारी असलेल्या स्त्रियांतील अँटिऑक्सिडंट्सचा आढावा २०२० मध्ये नव्याने प्रसिद्ध केला. त्यात ६३ चाचण्या आणि ७७६० स्त्रियांची माहिती होती. गर्भ राहिला की नाही यापेक्षा जिवंत बाळ जन्माला आले की नाही, हा प्रश्न मी नेहमी आधी विचारते. तेवढी माहिती देणाऱ्या चाचण्या १३ होत्या आणि त्यांत मिळून १२२७ स्त्रिया होत्या. त्यांच्या आधारे मांडलेला अंदाज असा होता की गोळी न घेणाऱ्या किंवा निष्क्रिय गोळी घेणाऱ्या शंभरपैकी १९ जणींना बाळ होत असेल, तर अँटिऑक्सिडंट घेणाऱ्या शंभरपैकी २४ ते ३६ जणींना होईल. एवढेच वाक्य वाचले तर कोणीही गोळ्या सुरू करील. परंतु आढावा लिहिणाऱ्यांनी या पुराव्याची प्रत निम्न ठरवली आणि ज्या चाचण्यांत पक्षपाताचा धोका जास्त होता त्या वगळून पुन्हा हिशोब केला, तेव्हा जिवंत बाळाच्या बाबतीत दिसणारा फायदा उरला नाही. ज्या फायद्याचा पाया चाचणीच्या ढिसाळपणावर आहे, तो तुमच्या बाबतीत प्रत्यक्षात येईल असे आश्वासन मी देऊ शकत नाही.

पीसीओएससाठी म्हणून ज्या चाचण्यांचा दाखला दिला जातो त्यांपैकी दोन सांगण्यासारख्या आहेत. २००५ मधील चाचणीत क्लोमिफेन या स्त्रीबीज बाहेर पडावे म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधाला दाद न देणाऱ्या १५० स्त्रियांचा समावेश होता. क्लोमिफेनसोबत रोज १.२ ग्रॅम एन-असिटिल सिस्टीन दिल्यावर ४९.३ टक्के जणींत स्त्रीबीज बाहेर पडले, तर क्लोमिफेन आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १.३ टक्के होते. २०१४ मधील चाचणीत अशाच १०१ स्त्रियांपैकी एका गटाला क्लोमिफेनसोबत ६० मिलिग्रॅम कोएन्झाइम क्यू-१० दिवसातून तीनदा दिले गेले, आणि गर्भधारणेचे प्रमाण ३७.३ टक्के विरुद्ध ६ टक्के असे आले. आकडे विलक्षण आहेत. पण तुलना कोणाशी केली होती ते पाहावे लागते. दुसऱ्या गटातील स्त्रियांना तेच क्लोमिफेन पुन्हा देण्यात आले होते, ज्याला त्यांनी पूर्वी दाद दिलेली नव्हती. त्यामुळे त्यांचे निष्पत्तीचे प्रमाण तळाशी असणे अपेक्षितच होते आणि फरक मोठा दिसणेही अपेक्षित होते. आज अशा स्त्रीला आम्ही पुन्हा क्लोमिफेन देत बसत नाही, त्याच कामाचे लेट्रोझोल हे दुसरे औषध देतो, आणि लेट्रोझोलवर स्त्रीबीज नियमित बाहेर पडत असेल तर त्यात कोएन्झाइम क्यू-१० घालून बाळ होण्याची शक्यता वाढते का, या प्रश्नाचे उत्तर या चाचण्यांत नाही. चाचण्या लहान आहेत हा मुद्दा वेगळाच. एन-असिटिल सिस्टीनवरील अभ्यास एकत्र पाहिले असता निष्क्रिय गोळीपेक्षा ते बरे दिसते, मात्र मधुमेहावरच्या आणि पीसीओएसमध्येही दिल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिनशी तुलना केली की मागे पडते.

इनोसिटॉलची गोष्ट थोडी निराळी आहे. ते खऱ्या अर्थाने अँटिऑक्सिडंट नाही, तर इन्सुलिनचा संदेश पेशीच्या आत पोहोचवण्याच्या कामात भाग घेणारा, साखरेसारख्या रचनेचा रेणू आहे, आणि तरीही दुकानांच्या फळीवर ते याच रांगेत असते. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात पीसीओएस व वंध्यत्व असलेल्या १४७२ स्त्रियांच्या १३ चाचण्या तपासल्या गेल्या, आणि मायो-इनोसिटॉल या त्याच्या नेहमीच्या प्रकारामुळे बाळ होण्याचे प्रमाण वाढते की नाही हे सांगता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगतात, त्या एकत्र करू नयेत. चयापचयाचे काही निर्देशांक सुधारू शकतील आणि अपाय कमी आहे, म्हणून एखाद्या स्त्रीची इच्छा असल्यास इनोसिटॉलचा विचार करता येईल, ही पहिली. वंध्यत्वावरचा उपचार म्हणून मात्र ते अजून प्रायोगिकच समजावे, ही दुसरी. घ्यायचेच असेल तर मायो-इनोसिटॉल रोज ४ ग्रॅम, दोन भागांत, एवढीच मात्रा बहुतेक चाचण्यांत वापरलेली आहे. डी-कायरो-इनोसिटॉल हा दुसरा प्रकार मोठ्या मात्रेत असलेली मिश्रणे टाळावीत, कारण अंडाशयाला त्याचे जास्त प्रमाण मानवत नाही आणि स्त्रीबीजाची प्रत त्याने खालावल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. गर्भ राहिल्यावर ते चालू ठेवण्याचा सल्ला बऱ्याच जणींना मिळतो. नेदरलँड्समध्ये पीसीओएस असलेल्या ४६४ गर्भवतींवर झालेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मायो-इनोसिटॉलने गरोदरपणातील मधुमेह, वाढलेल्या रक्तदाबाची गुंतागुंत आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांचे एकत्रित प्रमाण कमी झाले नाही. तेव्हा तसे करण्याचे कारण नाही.

जीवनसत्त्व क विषयी एकच वाक्य पुरे: आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) उपचारात रोज १ ते १० ग्रॅमपर्यंत ते देऊन पाहिलेल्या, ६२० स्त्रियांच्या २००२ मधील चाचणीत काहीही फरक पडला नाही.

तुमच्या मिश्र गोळीबद्दल मला अधिक काळजी वाटते, कारण तिच्यात काय आणि किती आहे हे तुम्ही लिहिलेले नाही आणि अनेकदा ते घेणाऱ्या स्त्रीला ठाऊकही नसते. गोळीच्या वेष्टनावर सर्वप्रथम जीवनसत्त्व अ शोधा. ते रेटिनॉल या स्वरूपात असेल आणि मात्रा मोठी असेल, तर गर्भाच्या घडणीत दोष निर्माण होण्याचा धोका असतो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात पूरकांतून रोज १०,००० युनिटपेक्षा अधिक घेणाऱ्या मातांच्या बाळांत असे दोष जास्त आढळले होते. पाळी अनियमित असलेल्या स्त्रीला गर्भ राहिल्याचे बऱ्याच उशिरा समजते, आणि बाळाचे अवयव घडण्याचा काळ नेमका त्याच आठवड्यांत येतो. म्हणून हा धोका तुमच्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे. त्यानंतर जीवनसत्त्व ई पाहा. २००५ च्या एका विश्लेषणात रोज ४०० युनिट किंवा त्याहून अधिक घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण किंचित वाढलेले दिसले. त्यात बहुतांश वयस्क व आजारी माणसे होती हे खरे, तरीही फायदा सिद्ध नसताना एवढी मात्रा घेण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. सेलेनियम दिवसाला ४०० मायक्रोग्रॅमच्या वर जात राहिले तर केस गळू शकतात आणि नखे ठिसूळ होऊ शकतात, आणि तीन वेगवेगळ्या गोळ्यांतून ते थोडेथोडे येत असेल तर बेरीज नकळत वाढते. हिरव्या चहाचा तीव्र अर्क असलेल्या कॅप्सूलने यकृताला इजा झाल्याची उदाहरणे आहेत, तो घटक दिसला तर ती गोळी बंदच करा.

बायोटिनचा उल्लेख स्वतंत्रपणे करते, कारण त्याचा धोका शरीराला नसून तपासणीला आहे. केस आणि नखांसाठी म्हणून ते अशा मिश्रणांत मोठ्या मात्रेत घातलेले असते. प्रयोगशाळेतील संप्रेरकांच्या अनेक तपासण्यांत बायोटिनचा वापर होत असल्याने रक्तातले जादा बायोटिन निकाल बिघडवते: थायरॉइडचे काम दाखवणारे टीएसएच खोटेच कमी आणि टेस्टोस्टेरॉन हे अँड्रोजन खोटेच जास्त दिसू शकते. पीसीओएसमध्ये आमचे अर्धे निर्णय याच आकड्यांवर उभे असतात. काही वर्षांपूर्वी एका स्त्रीच्या अहवालात थायरॉइड अतिक्रियाशील असल्याचे दिसले आणि औषध सुरू करण्याच्या बेतात असताना तिने सहज एका गोळीचा उल्लेख केला. ती गोळी थांबवून काही दिवसांनी केलेली तपासणी पूर्णपणे सामान्य आली. तेव्हापासून मी गोळ्यांची पाकिटेच आणायला सांगते. रक्त देण्यापूर्वी किमान दोन ते तीन दिवस बायोटिन बंद असावे, आणि मात्रा फार मोठी असेल तर त्याहून अधिक.

आता ज्या भागाकडे या आठ महिन्यांत कोणी पाहिले नाही, त्याकडे येते. तुमची पाळी ४५ ते ६० दिवसांनी येते, याचा अर्थ वर्षात फार तर सहा-आठ पाळ्या, आणि त्यांतल्या प्रत्येकीत स्त्रीबीज बाहेर पडतेच असे नाही. तुमची मुख्य अडचण बहुधा स्त्रीबीजाची प्रत ही नसून ते वेळेवर बाहेर न पडणे ही आहे. ३२ व्या वर्षी पीसीओएस असलेल्या स्त्रीत स्त्रीबीजांचा साठा सहसा चांगला असतो. त्यामुळे ‘प्रत सुधारण्यासाठी’ म्हणून महिनोन्महिने थांबण्याचे कारण मला पटत नाही. स्त्रीबीज बाहेर पडावे यासाठी लेट्रोझोल हे आज पहिल्या पसंतीचे औषध आहे. अमेरिकेत ७५० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जास्तीत जास्त पाच चक्रांच्या उपचारानंतर लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के स्त्रियांना, तर क्लोमिफेन घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्के स्त्रियांना बाळ झाले. हा आकडा एन-असिटिल सिस्टीन किंवा कोएन्झाइम क्यू-१० च्या आकड्यांइतका झगमगीत नाही. पण तो सांभाळून केलेल्या मोठ्या चाचणीतून आला आहे आणि गर्भ नव्हे तर बाळ मोजून आला आहे.

औषध सुरू करण्याआधी पतीची वीर्यतपासणी करून घ्या, आणि ही गोष्ट मी विनंती म्हणून नव्हे तर अट म्हणून सांगते. पीसीओएसचे निदान झाले की सगळ्यांचे बोट स्त्रीकडे वळते आणि तीन-तीन वर्षे पुरुषाची एक साधी तपासणी होत नाही, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की त्याचा मला आजही मनापासून त्रास होतो. त्यात दोष निघाला तर त्यांनाही अँटिऑक्सिडंट सुरू करण्याचा सल्ला मिळेल. त्या बाबतीत एवढे लक्षात ठेवा की फॉलिक अ‍ॅसिड आणि झिंक पुरुषांना देऊन पाहिलेल्या, २३७० जोडप्यांच्या २०२० मधील चाचणीत बाळ होण्याचे प्रमाण वाढले नाही.

तुमच्या बाजूने टीएसएच, प्रोलॅक्टिन, रक्तदाब आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन केलेली साखरेची तपासणी आवश्यक आहे, कारण गर्भ राहण्याआधी मधुमेह सापडणे हे गर्भ राहिल्यावर सापडण्यापेक्षा बाळासाठी कितीतरी सुरक्षित असते. गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहण्याची तपासणी कधी करायची, ते पूर्वीच्या आजारांवर आणि शस्त्रक्रियांवर अवलंबून राहील. स्त्रीबीज बाहेर पडले का हे पाहणारी, पाळीच्या २१ व्या दिवशीची प्रोजेस्टेरॉन तपासणी तुमच्या लांब चक्रात निरर्थक आहे, ती अपेक्षित पाळीच्या सात दिवस आधी करावी लागते. लघवीतले एलएच पाहून स्त्रीबीज बाहेर पडण्याची वेळ सांगणाऱ्या, घरी वापरण्याच्या ओव्ह्युलेशन पट्ट्यांवरही फार विसंबू नका, कारण पीसीओएसमध्ये एलएच मुळातच वाढलेले असू शकते आणि पट्टी खोटी आशा दाखवते.

ऑक्सिडेटिव्ह ताण खरोखर कमी करायचा असेल तर तो जिथून निर्माण होतो तिथे हात घालावा लागतो. धूम्रपान तुम्ही किंवा घरातले कोणी करत असेल तर ते थांबवण्याइतका परिणाम कोणत्याही कॅप्सूलने होणार नाही. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्क्यांची घट इन्सुलिन, अँड्रोजन आणि पाळी या तिन्हींवर चांगला परिणाम करते. वजन जास्त नसेल तरी नियमित व्यायामाने स्नायूंचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो. वजनाचे उद्दिष्ट गाठेपर्यंत उपचार रोखून धरावेत, असे मात्र मी म्हणणार नाही. वय थांबत नाही, आणि दोन्ही गोष्टी सोबत चालू शकतात.

एवढे सगळे सांगूनही एखादे पूरक घेत राहावे असे तुम्हाला वाटत असेल, तर मी अडवणार नाही. आशेने घेतलेल्या गोष्टीवर कोणी फटकारले की स्त्रिया ती लपवून घेऊ लागतात, आणि त्याने अधिक नुकसान होते. चारऐवजी एकच निवडा. मायो-इनोसिटॉल वर सांगितलेल्या मात्रेत, किंवा कोएन्झाइम क्यू-१० दिवसाला १८० मिलिग्रॅमच्या आसपास. रक्त पातळ करणारे वॉरफेरिन चालू असेल तर कोएन्झाइम क्यू-१० सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे, कारण त्याने वॉरफेरिनचा परिणाम घटू शकतो. सुरू केल्याची तारीख लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी थांबा. हा अवधी मनाने ठरवलेला नाही. छोट्या फॉलिकलची शेवटच्या टप्प्यातली वाढ पूर्ण व्हायला साधारण ८५ दिवस लागतात, म्हणून परिणाम व्हायचाच असेल तर तो एवढ्या काळात व्हायला हवा. लेट्रोझोल मात्र या तीन महिन्यांच्या शेवटी नव्हे, तपासण्या हाती आल्यावर लगेच सुरू व्हावे आणि निदान पहिल्या चक्रात सोनोग्राफीने फॉलिकलवर लक्ष ठेवले जावे, कारण एकापेक्षा अधिक फॉलिकल वाढले तर जुळ्यांची शक्यता वाढते.

तुम्ही लिहिलेल्या यादीत फॉलिक अ‍ॅसिड नाही. ते मिश्र गोळीत असेल तर मात्रा तपासा, नसेल तर आजच सुरू करा. दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम ही सर्वसाधारण मात्रा आहे. आधीच्या गरोदरपणात बाळाच्या मज्जारज्जूत दोष असेल, मधुमेह असेल किंवा वजन बरेच जास्त असेल, तर डॉक्टर अधिक मात्रा ठरवतील. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्या मातांना पूर्वी असे बाळ झाले होते त्यांच्यात फॉलिक अ‍ॅसिडने हा दोष पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी केला होता. तुम्ही आठ महिने घेतलेल्या एकाही गोळीमागे एवढा भक्कम पुरावा नाही. मेटफॉर्मिन पुढे सुरू झाले आणि दीर्घकाळ चालले, तर जीवनसत्त्व बी-१२ ची पातळी अधूनमधून तपासून घ्यावी लागेल.

पुढच्या भेटीला जाताना चारही गोळ्यांची पाकिटे, गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा आणि पतीचा वीर्यतपासणीचा अहवाल सोबत न्या, आणि शक्य असेल तर पतीलाही सोबत न्या. पाळी नेहमीपेक्षा लांबली तर घरी चाचणी करा. ती होकारार्थी आली तर फॉलिक अ‍ॅसिड चालू ठेवा, बाकीची पूरके त्याच दिवशी थांबवा, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले कोणतेही औषध मात्र त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका.